बर्फाखालचं नाव

भिवाजीने आयुष्यात बर्फ पाहिला होता तो काचीगुड्याच्या सोड्याच्या दुकानातला, लाकडाच्या भुशात गुंडाळून ठेवलेला. तरी एकोणीसशे छप्पन साली हैदराबाद शहरात हिमालयाचा बर्फ करून देणारा माणूस एकच होता, आणि तो भिवाजी होता.

तो मूळचा नांदेडकडचा. बाप रेल्वेच्या यार्डात कोळसा उपसायला म्हणून आला आणि काचीगुड्यालाच राहिला. भिवाजी मराठी चौथी झाला, आणि पुढे अठराव्या वर्षी नारायणगुड्यात डॉक्टर हणमंतरावांच्या दातांच्या दवाखान्यात झाडलोटीला लागला. दवाखान्याच्या मागच्या खोलीत एक म्हातारा मेकॅनिक कवळ्या करायचा. भिवाजी त्याच्या हाताखाली मेण वितळवायला, प्लॅस्टर कालवायला शिकला. दोन वर्षांनी म्हातारा गावी गेला तो परत आलाच नाही. तेव्हापासून दवाखान्यातून बाहेर पडणारी प्रत्येक कवळी भिवाजीच्या हातची होती. साच्यात हिरड्यांचा गुलाबी मसाला दाबायचा, पितळेच्या डबीत आवळून उकळत्या पाण्यात ठेवायचा, थंड झाला की कानशीने घासून गुळगुळीत करायचा. चारमिनारपासून सिकंदराबादेपर्यंत कितीतरी म्हातारे त्याच्या दातांनी भाकरी चावत होते. त्यातल्या एकालाही त्याचं नाव ठाऊक नव्हतं. डॉक्टर कुणाला सांगत नसत. दवाखान्यातल्या माठाला मात्र भिवाजीने हात लावायचा नव्हता. त्याचं पाणी मागच्या खोलीत, वेगळ्या डब्यात.

हणमंतरावांना एक नाद होता. त्यांच्याकडे आणि त्यांच्या मित्रांकडे शिशाचे बोटभर उंचीचे सैनिक होते, रंगवलेले. क्लबात मोठं टेबल मांडून, फासे टाकून ही मंडळी लढाया खेळत. निजामाच्या फौजेतून निवृत्त झालेले कॅप्टन मुर्तझा साहेब त्यांचे म्होरके. त्या वर्षी कॅप्टनसाहेबांनी ठरवलं, की श्रावणात क्लबात मोठं प्रदर्शन भरवायचं आणि काश्मीरच्या बर्फातली लढाई मांडायची. प्रत्येक सैनिकाच्या पायाखाली बर्फाची बैठक हवी. सगळ्यांत उत्तम बैठका करील त्याला ढाल. हणमंतराव दवाखान्यात येऊन म्हणाले, "भिवा, एवढं प्लॅस्टर नि मसाला तुझ्या हाताखालून जातो. बर्फ नाही का होणार?"

भिवाजीला ते काम आवडलं. हे त्याने पुढे कधी कबूल केलं नाही, पण आवडलं होतं. आधी त्याने नुसतं प्लॅस्टर थापलं. ते चुन्याच्या भिंतीसारखं दिसलं. मग त्याला दत्तोबा सुभेदार आठवला. समोरचे चार दात बसवून घ्यायला येणारा हा गडी काश्मीरात लढून आलेला. दत्तोबा तोंडात मेण घेऊन बसला असताना भिवाजीने विचारलं, "सुभेदार, बर्फ दिसतो कसा?"

दत्तोबाने मेण काढून हातात घेतलं. "पांढरा कुठं दिसतो? सावलीत निळा दिसतो. वारा येतो त्या अंगाला दगड उघडा, आणि दुसऱ्या अंगाला ढीग. बुटाखाली दबला की राखेसारखा. आणि गोठलेल्या नदीवर चाललं की खालचे गोटे दिसतात, पण ते किती खोल त्याचा पत्ता लागत नाही. माझा एक दोस्त त्या भुलीतच गेला."

भिवाजीने हे सगळं मनात धरलं. संगमरवराची भुकटी आणि बारीक कुटलेली काच डिंकात कालवून त्याने भुरभुरीत बर्फ केला. तळाशी कपड्यांची नीळ चिमूटभर. वारा एकाच बाजूने यावा तसे ढीग लावले. आणि गोठलेलं पाणी त्याने कवळीच्याच मसाल्यातून काढलं. गुलाबी रंग न घातलेला मसाला काचेसारखा आरपार दिसतो. त्याच्या खाली मुसी नदीच्या काठचे बारीक खडे बसवले, की बघणाऱ्याला बोट बुडवावंसं वाटे. उकळताना पाणी जरा जास्त तापलं तर आत बुडबुडे धरत. आधी त्याला ती चूक वाटली, मग लक्षात आलं, बर्फात बुडबुडे हवेतच. पहिली बैठक हणमंतरावांनी उजेडात धरून चारही बाजूंनी पाहिली. मग ती खिशात घालून क्लबात गेले आणि परत आले ते शीळ घालत.

जुलैत अंबाजीने बातमी आणली. अंबाजी शेजारी राहणारा, रेल्वेत कारकून, मॅट्रिक झालेला. राज्याचे तुकडे होणार हे तोवर नक्की झालं होतं. मराठवाडा मुंबईकडे जाणार, हैदराबाद आंध्रात. घरोघर एकच बोलणं, कोण जाणार आणि कोण राहणार. अंबाजी म्हणाला, "भिवाजी, औरंगाबादेला सरकारी दवाखान्यात दातांच्या मेकॅनिकची जागा निघाली आहे. पक्की नोकरी. दहा वर्षं काम केल्याचं डॉक्टरचं पत्र पायजे, बस्स."

भिवाजीची बारा वर्षं झाली होती. विठाबाईने, त्याच्या बायकोने, त्याच दिवशी ट्रंक पुसायला काढली.

हणमंतरावांनी पत्र लगेच दिलं. इंग्रजीत, दवाखान्याच्या छापील कागदावर, खाली सही. भिवाजीने ते दोन्ही हातांनी घेतलं. घरी अंबाजीने वाचायला सुरुवात केली आणि मध्येच थांबला.

"काय झालं?"

"यात शिपाई लिहिलंय." अंबाजीने पुन्हा वाचलं. "बारा वर्षं शिपाई म्हणून काम केलं. झाडणं, भांडी धुणं. माणूस प्रामाणिक आणि आज्ञाधारक आहे."

दुसऱ्या दिवशी भिवाजीने ते पत्र डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. "डॉक्टरसाहेब, चूक झाली असंल. मेकॅनिक लिहायचं राहिलं."

हणमंतराव चष्मा पुसत होते. "चूक नाही. तुला मी शिपाई म्हणूनच लावला होता ना?"

"पण कवळ्या..."

"कवळ्या तू करतोस असं लिहिलं, तर मी काय करतो असं लोक विचारतील." त्यांनी चष्मा चढवला. "आणि लोकांनी त्या तोंडात घातल्यात, भिवा. आता त्यांना काय सांगू, कुणाच्या हातच्या आहेत? शिवाय प्रदर्शन तोंडावर आलंय. चाळीस बैठका आणि मधली मोठी नदी अजून व्हायची आहे. जाशील कुठे?"

भिवाजीने पत्र उचलून घेतलं. मागच्या खोलीत जाऊन त्याने मेणाची चूल पेटवली.

त्या दिवसापासून तो जास्तच मन लावून काम करू लागला. वेळेआधी येई, शेवटी जाई. हणमंतरावांना वाटलं, निवळला. घरी विठाबाईला मात्र तो ओळखू येईना. पानावर बसला की घास हातातच राही. "अवं, सोडा की आता," ती म्हणाली. "दुसरं पत्र मागू कुणाकडं तरी."

"पत्र त्याच्याच हातनं लिहून घेईन," भिवाजी म्हणाला. "पण आधी त्याच्या तोंडून वदवीन."

मधल्या नदीचा ठोकळा चांगला हातभर लांब होता. तो एका तुकड्यात उकळणं शक्य नव्हतं, म्हणून त्याने पाच तुकडे करून जोडले. मग ठोकळा पालथा घातला आणि दात कोरायच्या बारीक सुईने खालच्या अंगाला अक्षरं कोरली. उलटी, आरशातल्यासारखी, म्हणजे वरून पाहिलं की सुलटी दिसावीत. कवळ्यांच्या साच्यात सगळा विचार उलटाच करावा लागतो, त्यामुळे हाताला सवय होती. कोरलेल्या खाचांत त्याने काळं मेण भरलं आणि खाली खडे चिकटवले. वरून नदीभर बर्फ पसरला. बाकीच्या चाळीस बैठकांवर संगमरवर आणि काच होती. या एका नदीवर त्याने मीठ वापरलं.

घरच्या बरणीतलं मीठ श्रावणात कसं पाझरतं हे कुणाला सांगायला नको. भिवाजीने ते तव्यावर भाजून बारीक केलं, डिंकाचा हलका हात मारून वर भुरभुरवलं, आणि ठोकळा पत्र्याच्या डब्यात कळीच्या चुन्याचे खडे ठेवून बंद केला. चुना सगळी ओल पिऊन घेई. डॉक्टरांनी उघडून पाहिलं तेव्हा नदीवर कोरडा, चमचमता बर्फ होता. "हा तर सगळ्यांत सरस," ते म्हणाले.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळपासून रिपरिप चालू होती. दुपारी क्लबाचं सभागृह ओल्या छत्र्यांनी आणि माणसांनी भरलं. हणमंतराव टेबलाच्या डोक्याशी उभे, कोटाला गुलाब. रिकामे डबे धरून भिवाजी भिंतीशी उभा. "बर्फाचं हे तंत्र मी स्वतः शोधलं," डॉक्टर एकेकाला सांगत होते. भिवाजी ऐकत होता आणि नदीकडे बघत होता.

तासाभरात नदीवरचा बर्फ ओलसर दिसू लागला. मग मध्ये मध्ये खळगे पडले. लोक वाकून बघू लागले. कॅप्टन मुर्तझा साहेब टाळी वाजवून म्हणाले, "वाह डाक्टर साब! बर्फ पिघल रा है! ऐसी कारीगरी मैं कब्बी नै देखा!"

हणमंतरावांनी खाली पाहिलं. मीठ पाझरून कडेला उतरलं होतं. स्वच्छ, आरपार बर्फाखाली खड्यांच्या वर ठळक काळी अक्षरं होती:

हे काम भिवाजी मेकॅनिकचे.

त्यांनी चटकन त्यावर तळहात ठेवला. भिवाजीने त्यांचे कान लाल होताना पाहिले. डॉक्टरांची नजर टेबलावरून, माणसांवरून फिरत भिंतीशी आली आणि तिथेच थांबली. भिवाजीनेही नजर हलवली नाही.

"हाथ हटाओ जी, फोटो लेना है," कॅप्टन म्हणाले.

हात हटेना. कॅप्टनसाहेबांनी हसत हसत मनगट धरून तो बाजूला केला. ते वाकले. उर्दू आणि इंग्रजी वाचणारा माणूस. नागरी अक्षर त्यांना येत नव्हतं. "ये क्या लिखे है?"

हणमंतरावांनी कोटावरचा गुलाब सारखा केला. मग म्हणाले, "दर्या का नाम है, कॅप्टनसाब."

"अच्छा! क्या नाम?"

मराठी वाचणारी चार-सहा माणसं त्या गर्दीत होती. त्यातला एकजण अक्षरांकडे बघून हसू दाबत होता. खोटं नाव सांगावं तर तो बोलला असता.

"बोलो ना, क्या नाम?"

"भिवाजी," हणमंतराव म्हणाले.

"जोर से बोलो जी, पीछे सुनाई नै दिया."

"भिवाजी!"

"भिवाजी दर्या! कब्बी सुना नै," कॅप्टन म्हणाले आणि सगळ्या सभागृहाला ते नाव पुन्हा ऐकवलं. ढाल हणमंतरावांना मिळाली. त्यांनी ती जळता निखारा धरावा तशी धरली. कॅप्टनसाहेबांनी तिथल्या तिथे आणखी साठ बैठका मागितल्या, अशाच पिघळणाऱ्या बर्फाच्या. भिवाजी डबे टेबलाखाली ठेवून बाहेर पडला. पावसात भिजत काचीगुड्यापर्यंत चालत गेला आणि दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यात गेलाच नाही.

पाचव्या दिवशी हणमंतराव त्याच्या दारात आले. त्या वस्तीत ते पहिल्यांदाच येत होते. चिखलातून धोतर सावरत आले. विठाबाईने त्यांना बाज दिली आणि तांब्याभर पाणी पुढे ठेवलं. त्यांनी पाण्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं.

"झालं गेलं," ते म्हणाले. "मला साठ बैठका हव्यात."

"आधी पत्र," भिवाजी म्हणाला. तो उभाच होता. "बारा वर्षं मेकॅनिक. कवळ्या याच्या हातच्या. क्लबातला बर्फ याच्या हातचा. सगळं लिहा. अंबाजी वाचंल, मग मी घेईन."

हणमंतरावांनी गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं. अंबाजीने मोठ्याने, मराठी करून वाचलं. दारात जमलेल्या बायकांनीही ऐकलं. सही झाल्यावर भिवाजीने कागद घडी करून टोपीत ठेवला.

"मग उद्या येतोस ना?"

"मी?" भिवाजी म्हणाला. "झाडणारा माणूस. मला काय कळतं बर्फातलं?"

हणमंतराव उठले. चिखलात त्यांचा एक जोडा रुतला. तो त्यांनी स्वतःच वाकून काढला. त्याच दिवशी भिवाजी ते पत्र घेऊन कॅप्टन मुर्तझा साहेबांकडे गेला. कॅप्टनसाहेब वाचून आधी हसले, मग गंभीर झाले. साठ बैठका भिवाजीनेच केल्या. हणमंतराव त्यानंतर क्लबात दिसले नाहीत.

औरंगाबादेची जागा मात्र गेली होती. भिवाजी पत्र घेऊन पोचला त्याच्या आधी पंधरा दिवस तिथे दुसरा माणूस रुजू झाला होता. परतीच्या गाडीत तो काही न खाता बसून होता. विठाबाईला वाटलं, पत्र तर लिहून घेतलं, आता तरी याचा राग उतरेल.

त्या दसऱ्याला तो अंबाजीबरोबर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. पांढरे कपडे घालून परतला, घरातले देव त्याने विसर्जित केले, पोरींना शाळेत घातलं. करुणा, मैत्री हे शब्द तो शिकला आणि वस्तीत इतरांना शिकवूही लागला. पण हणमंतरावांचं नाव निघालं की त्याचा जबडा आवळे. नोव्हेंबरात राज्य फुटलं. काचीगुड्याला त्याने कवळ्यांची स्वतःची खोली काढली, आणि दारावर पाटी लावली: भिवाजी, दातांचे मेकॅनिक. मग एकेक करून चिक्कडपल्लीचे, सुलतानबाजारचे डॉक्टर गाठले. हणमंतरावांकडच्या कवळ्या करणारा माणूस आपणच, हे त्याने प्रत्येकाला पत्र दाखवून सांगितलं. हणमंतरावांनी ठेवलेला नवा मेकॅनिक चांगला निघाला, तर भिवाजीने त्यालाही आपल्याकडे ओढला.

तीन वर्षांनी नारायणगुड्यातला दवाखाना बंद झाला. हणमंतराव पुण्याला मुलाकडे निघाल्याची बातमी अंबाजीनेच आणली. भिवाजी तेव्हा एका कवळीला कानस मारत होता.

"झालं की आता समाधान?" विठाबाईने विचारलं. "गेला बिचारा."

"बिचारा?" भिवाजी म्हणाला. त्याने कवळी उजेडात धरून दातांची ओळ तपासली. "माझी बारा वर्षं होती. त्याची अजून तीनच झालीत."

त्या दुपारी तो पोस्टात गेला आणि पुण्यातल्या दातांच्या डॉक्टरांचे पत्ते कुठे मिळतील याची त्याने चौकशी केली.