तांबड्या शाईची ओळ

जिल्हा परिषद नवीन होती तेव्हाची गोष्ट. शहाद्याजवळच्या आमच्या गावात, मी जिथे शिकलो त्याच शाळेत, मी मास्तर म्हणून लागलो होतो. एके दिवशी वरून कागद आला: शाळेच्या जनरल रजिस्टरातली प्रत्येक जन्मतारीख पोलीस पाटलांच्या जन्म-मृत्यूच्या बुकाशी ताडून पाहावी. नव्या नोंदींना हा नियम होताच, पण जुन्यांनाही लावायचा होता. जी जुळणार नाही तिच्याखाली तांबडी रेघ.

हेडमास्तरांनी काम मला दिलं. आठवडाभर मी बिनदिक्कत रेघा ओढत होतो. तारखा अंदाजानं सांगणाऱ्या आईबापांचा मला रागच येई.

मग माझीच ओळ आली. तारीख बुकात होती, वडिलांचं नावही. मी बरोबरची खूण केली. आणि सहज पुढची पानं उलटताना वडिलांचं नाव पुन्हा दिसलं. मुलगा, वय दोन वर्षं, देवीचा आजार. पुढे माझं नाव. मयत.

बुक तसंच उघडं टाकून मी घरी गेलो. माय कापूस निवडत बसली होती.

"माय, मी मरी गयथू का?"

तिचे हात थांबले.

"तो तुन्हा मोठा भाऊ व्हता," ती म्हणाली. "तेनं नाव तुले ठेवं. तुन्हा बापले तेनीच तारीख याद व्हती, तीच शाळामा सांगी दिन्ही."

"मंग मन्ही तारीख?"

"भुईमूग काढाना टाइमले तू व्हयना. तारीख कोन लिखस?"

बावीस वर्षं मी त्या घरात जेवलो, झोपलो होतो. माझ्याआधी एक भाऊ होता हे कुणी बोललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच्या ओळीखाली रेघ ओढली. पाटलांच्या बुकात माझा जन्म कुठेच नव्हता, म्हणून हेडमास्तरांनी मायला जबाबासाठी बोलावलं. ती डोक्यावरचा पदर सारखा करत दारातच उभी राहिली.

"मुलं किती तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

आम्ही तीन भावंडं. आजवर सगळीकडे तिनं तीनच सांगितली होती.

"चार," माय म्हणाली, आणि तिथंच उंबऱ्यावर बसून मोठ्यानं रडली.