सातवीच्या पुस्तकांची उगवण

काकडीचा तोडा एक दिवस चुकला, की दुसऱ्या दिवशी वेलाखाली दुधीएवढ्या काकड्या सापडतात. खायला निबर, विकायला लाज. आमच्या घरातल्या किश्शांचं तसंच आहे. त्या-त्या दिवशी सांगून टाकले नाहीत, की पानांखाली फुगत बसतात. दादा असताना रोजचा तोडा रोज व्हायचा. जेवताना तो सगळे किस्से सांगून मोकळा व्हायचा, त्यातले निम्मे माझ्या गाढवपणाचे असायचे. आता सांगणारा नाही. म्हणून जूनमधल्या एका आठवड्याचे हे किस्से मीच तोडतो. थोडे निबर झाले असतील.

इंझोरीच्या रस्त्याला आमचा भाजीचा मळा आहे. दादा बारावी शिकलेला, मी सातवी अर्धवट. गुरुजींनी मला सगळ्यांसमोर पाढे म्हणायला लावले, तर मी घरी आलो आणि दप्तर विहिरीत टाकलं. दादा विहिरीत उतरला, दप्तर वर काढलं, पुस्तकं वांग्याच्या झाडांवर वाळत घातली. पुस्तकं वाळली, पण मी काही परत शाळेत गेलो नाही.

दादाची पोरगी सोनू, बारा वर्षांची. एसटीतल्या गर्दीत आणि धुळीत तिचा दमा उसळायचा. महिन्यातले पंधरा दिवस ती घरीच असायची. म्हणून मागच्या वर्षी दादानं तिची शाळा बंद केली आणि सहावी मळ्यातच शिकवली. पुढे आठवीची परीक्षा बाहेरून देता येते, अशी चौकशी तो करून आला होता. मार्चमध्ये तो मोटर सुरू करायला गेला आणि त्याला शॉक लागला. मी त्या दिवशी स्टार्टरची पेटी दगडानं फोडली. मग आठ दिवस वांग्याला पाणी नव्हतं.

जून लागला तसा अकोल्याहून वहिनींच्या भावाचा फोन आला. पोरीला माझ्याकडे पाठव, शाळा घराजवळ आहे, डॉक्टर गल्लीत आहे.

"भाऊजी, तिची सातवी कोन घेईन?" वहिनींनी मला विचारलं.

"मी घेतो," मी म्हणालो. आधी बोलायचं आणि मग विचार करायचा, ही माझी जुनी सवय.

वहिनींनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बरं. कोणती पुस्तकं, कोणता अभ्यासक्रम, ते रविवारपर्यंत ठरवा. नाई ठरलं तं सोमवारी पोट्टी अकोल्याले जाईन."

घरातून दादाचा आवाज गेला होता. सोनूचाही गेला असता, तर मी आणि बाबा दिवसभर मोटरीचा आवाज ऐकत बसलो असतो.

*

आता मला निवडता येतं ते फक्त बियाणं. म्हणून सोमवारी मी कारंज्याच्या पुस्तकाच्या दुकानात गेलो आणि म्हणालो, "सातवीचं दाखवा. सगळ्या कंपन्यांचं."

दुकानदारानं तीन गठ्ठे समोर ठेवले. एक सरकारी मराठी, एक सेंट्रल बोर्डाचं इंग्रजी आणि एक चकचकीत खासगी. मी उलटून तारीख पाहिली, लॉट नंबर काही सापडला नाही.

"यातलं जास्त कोणतं उगवते?"

"भाऊ, ते पोरावर असते."

"बियाणंवालाबी असाच म्हनते. जमिनीवर असते म्हनते."

दुकानदार दादाच्या ओळखीचा. त्यानं गणिताची तीन पुस्तकं सँपल म्हणून दिली. मी निघालो तर मागून म्हणतो, "सेट मंग दोन द्याचे ना?"

माझं डोकं सटकलं. "पोरगी एक हाय आमची. मानूस मेला म्हनून दोन-दोन सेट गळ्यात मारता का?"

दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं होती. तो काहीतरी सांगू पाहत होता, पण मी ऐकायला थांबतो कशाला!

*

नवीन बियाणं आलं की आम्ही ते आधी तीन सऱ्यांत लावून बघतो. पाणी सारखं, खत सारखं, मग जे चांगलं येईल ते. मंगळवारी मी तीन सऱ्यांच्या तोंडाशी तीन पुस्तकं ठेवली आणि सोनूला प्रत्येक सरीत एक तास बसवलं.

पहिल्या सरीत, सरकारी पुस्तकात, तिनं पाच गणितं सोडवली. दुसऱ्या सरीत इंग्रजी होतं. तिनं एका शब्दाचा अर्थ विचारला. मी म्हणालो, "पुढच्या पानावर असन." तिनं पुढच्या पानावरचा शब्द विचारला. मी पाणी बघायला निघून गेलो. तिसऱ्या सरीतून ती ओरडली, "काका, याची पानं लय चमकतात, डोये दुखून राह्यले!"

मी निकाल लावणार, तेवढ्यात बाबा बांधावरून बोलले. "पहिल्या सरीवर निंबाची सावली हाय. तिसरीले पुरं ऊन. टेस्ट रद्द."

*

वहिनींच्या फोनवर घरी शिकवणाऱ्या पालकांचा एक ग्रुप आहे. त्यातल्या पुण्याच्या एका ताईंनी आधीच एक कीट पाठवून ठेवलं होतं. त्यात रंगीत तक्ते, दहा पेन्सिली आणि एक चिठ्ठी. वहिनींनी चिठ्ठी वाचली. "मुलांना पुस्तकात कोंडू नका. मातीत हात घालू द्या."

सोनू त्या वेळी कोपरापर्यंत चिखलात बसून मिरचीची रोपं लावत होती.

"हे तं आपल्याकडे असंच होऊन राह्यलं," वहिनी म्हणाल्या आणि चिठ्ठी घडी करून ठेवली.

बुधवारी मी ते कीट पुन्हा काढलं, तर पेन्सिली गायब. त्या पेन्सिलींच्या मागच्या टोकाला टमाट्याचं बी बसवलेलं होतं. वापरून संपल्यावर कुंडीत रोवायची, अशी गंमत. बाबांना एवढंच कळलं की पाकिटात बी आलं आहे. त्यांनी दहाही पेन्सिली ओल्या गोणपाटात गुंडाळून कोपऱ्यात ठेवल्या होत्या. आम्ही प्रत्येक बियाण्याची तशीच परीक्षा घेतो.

बाबांनी माझ्यासमोर गोणपाट उलगडलं. सहा पेन्सिलींना कोंब आले होते.

"साठ टक्के," बाबा म्हणाले. "हे नोको घेऊ. वापस कर."

*

गुरुवारी वाशीमहून एक साहेब मोटरसायकलवर आले. टॅबलेटवर पूर्ण सातवी, व्हिडिओसकट. शर्ट इस्त्रीचा, बूट आमच्या चिखलात.

"आधी लेव्हल टेस्ट घेऊ," साहेब म्हणाले.

सोनू घरात वाफ घेत होती. मी म्हणालो, "द्या इकडे, मी पायतो कसं असते ते." आणि बसलो बोट लावत. वीस प्रश्न झाले. टॅबलेटमधून टाळ्या वाजल्या. साहेबांनी पडद्यावर पाहिलं, चेहरा गंभीर केला आणि वहिनींकडे वळले.

"ताई, घाबरू नका. तुमचं मूल सध्या चौथीच्या लेव्हलला आहे. पण आमच्याकडे आल्यावर दोन वर्षांत सुधारेल."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता रडतात. पण त्या हसत होत्या. मार्चनंतर पहिल्यांदा. हसू थांबेना तेव्हा त्या चहाच्या निमित्तानं आत गेल्या.

मग सोनू आली आणि तिनं टेस्ट दिली. तिची लेव्हल निघाली आठवी. पण टेस्ट एकाच खात्यावर झाली होती, म्हणून टॅबलेटनं दोघांची सरासरी काढली. तुमचं मूल सहावीत आहे!

"म्हणजे दोघं मिळून एक वर्ष मागं," साहेब चहा पिताना म्हणाले. भला माणूस होता, पण टॅबलेट आम्ही घेतला नाही.

*

शुक्रवारी मी रफिकचाचांना विचारलं. चाचा कारंज्याच्या भाजीबाजारात अडते आहेत. दादाचा सगळा माल त्यांच्याच ओट्यावर उतरायचा. हर्राशी, म्हणजे मालाचा लिलाव, आटोपली होती, आठ-दहा शेतकरी रिकामी पोती घडी करत होते.

"सबसे पूछते," चाचा म्हणाले. तीन पुस्तकं ओट्यावर मांडली, नंबर दिले आणि ओरडले, "बोलो भाई, सोनूसाठी कोणतं?"

"एक नंबर," कोणीतरी म्हणालं.

"दोन."

"तीन."

"चार!"

"साडेचार!"

चाचांनी हात वर केला. "अरे, पुस्तकं तीन हायेत. ये साडेचार किसने बोला?"

मागून एक वांगेवाला म्हणाला, "सवय लागली ना चाचा. वर जातच राहते तोंड."

सगळे हसले. चाचांनी पुस्तकं गोळा करून माझ्या हातात दिली आणि हळू आवाजात म्हणाले, "गोलू बेटा, पुस्तक कोनतंही घे. पर तिच्यासोबत बसन कोन? दादा बसायचा."

मी सायकलला पोती बांधत राहिलो.

*

म्हणून त्याच दिवशी दुपारी मी सोनूसोबत बसलो. सरकारी पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर उणे पाच.

"हे चुकीचं छापलं," मी म्हणालो. "शून्याच्या खाली काई नसते. पोतं रिकामं झालं की झालं."

सोनू मला हाताला धरून विहिरीवर घेऊन गेली. "काका, जमीन म्हंजे शून्य. आता पानी कितव्या पायरीवर हाय?"

मी वाकून मोजलं. "नवव्या."

"मंग ते उणे नऊ. पाऊस आला, चार पायऱ्या चढलं. आता कुठं?"

"पाचव्या पायरीवर."

"उणे पाच. पायलं? छापलेलं बरोबर हाय."

"तुले हे कोनं सांगितलं?"

"माह्या बाबानं," ती म्हणाली. "तुयं दप्तर कोन्या पायरीवर अटकलं होतं तेबी सांगितलं. उणे सात."

मी वाकून वरून सातवी पायरी मोजली.

*

शनिवारी मी सँपल परत करायला कारंज्याला गेलो. दुकानदाराची माफी मागितली.

"सरकारी द्या," मी म्हणालो. "एक सेट."

दुकानदारानं गल्ल्याखालून एक कागद काढून समोर ठेवला. दादाचं अक्षर. तिरकं, ळ उगाच मोठा. फेब्रुवारीतच येऊन तो यादी देऊन गेला होता.

सोनू, सातवी, सरकारी, पूर्ण सेट.

गोलू, सातवी, सरकारी, पूर्ण सेट.

"दोघं सोबत आठवीच्या परीक्षेले बसतीन म्हने," दुकानदार म्हणाला. "अन् म्हने, त्याले आत्ता सांगू नोको, पयून जाईन."

दोन्ही गठ्ठे घेऊन मी स्टँडवर बसलो. माझ्या गाडीची वेळ झाली, गाडी लागली, भरली आणि गेली. मग दुसरीही गेली. तिसरीत मी चढलो.

घरी वहिनींनी दोन गठ्ठे पाहिले आणि कागद मागितला. पदराला हात पुसले, मग घेतला. वाचून झाल्यावर कोणालाच परत दिला नाही.

*

रविवारी सकाळी निंबाखाली वर्ग भरला. सोनूनं मला उणे संख्यांची दहा गणितं दिली आणि लाल पेन घेऊन समोर बसली. मी शर्टाची कॉलर ओली होईपर्यंत लिहिलं. तिनं तपासलं.

"दहापैकी तीन. काका, हे सात परत."

बाबा पाण्याचा पाइप ओढत जवळून चालले होते. थांबले, वही पाहिली.

"तीस टक्के," ते म्हणाले. "पन हे वापस नाई करता येत."

तेवढ्यात वहिनींचा फोन वाजला. अकोल्याहून त्यांचा भाऊ होता. उद्या गाडी घेऊन येऊ का, म्हणून विचारत होता. मी पेन खाली ठेवला. सोनूनं तो उचलून परत माझ्या हातात दिला आणि सातव्या गणितावर बोट ठेवलं.

वहिनी दारात उभ्या राहून आम्हा दोघांकडे पाहत होत्या.

"नाई रे भाऊ," त्या फोनवर म्हणाल्या. "ती कशी येईन? तिच्या वर्गात एक पोट्टं लय ढ हाय. त्याले सोडून येता येत नाई तिले."