निदियाचा एलियास

शाळेच्या फाटकासमोर निदिया आयालाचं झेरॉक्सचं दुकान आहे. आम्ही एन्कार्नासिऑन शहरातली लहानथोर मंडळी तिला मानानं न्या निदिया म्हणतो. पंखा, तेरेरेचा, म्हणजे पाल्याच्या थंड चहाचा, गार थर्मास, दोन यंत्रं आणि कोपऱ्यात एक जुना संगणक, एवढंच तिचं दुकान. दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात ती त्या संगणकावर भराभर काहीतरी टाइप करत असते. दुकानाचंच काही काम असेल, असं आम्हा आयांना वाटायचं.

मार्चमध्ये एका दुपारी मी ओळखपत्राची प्रत काढायला गेले होते. ती मागच्या खोलीत कागद आणायला गेली आणि संगणकाचा पडदा माझ्याकडे वळलेला होता. दुसऱ्याचं वाचू नये हे मला कळतं. पण पहिल्याच ओळीत बेरेनिसचं नाव होतं, आणि ही बेरेनिस गेले वर्षभर आमच्या घरात ताटाशी येऊन बसत होती.

बेरेनिस म्हणजे संध्याकाळच्या मालिकेतली नायिका. मालिका कधीच संपली. शेवटी तिनं एका भल्या, गुरांच्या डॉक्टरशी लग्न केलं. माझ्या येरुतीला आणि तिच्या वयाच्या हजारो मुलींना ते मान्य नव्हतं. त्यांना ती हवी होती एलियासबरोबर. हा एलियास गिरणीचा मालक. त्यानं तिची पत्रं जाळली होती, तिला गोदामात कोंडलं होतं. मुलींनी दोघांची नावं जोडून बेरेलियास केलं आणि त्या जोडीच्या आपल्या मनाच्या गोष्टी फोनवर लिहायला लागल्या. त्यांत सगळ्यांत जास्त वाचली जाणारी बाई 'राखेची राणी' या नावानं लिहायची. येरुती तिची नवी प्रकरणं न्याहारीला वाचायची, बसमध्ये वाचायची, न्हाणीत वाचायची.

मीही चोरून वाचली. त्यात एलियास रात्रभर दाराबाहेर उभा राहून बेरेनिसचा श्वास ऐकतो. ती जाऊ नये म्हणून तिचे बूट लपवतो. आणि ती पळत नाही, यानंच माझा जीव थाऱ्यावर राहत नव्हता.

नुसती गोष्ट असती तर मी सोडून दिलं असतं. पण आमच्याकडे डेर्लिस होता. बाजारात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करणारा, मोटरसायकलवाला, येरुतीपेक्षा चार वर्षांनी मोठा. तिच्या फोनचा पासवर्ड त्याच्याकडे होता. ती जिथे जाईल तिथला फोटो त्याला पाठवायची. प्रशिक्षक पुरुष आहे म्हणून तिनं व्हॉलीबॉल सोडलं होतं. आणि आता पूल ओलांडून पलीकडच्या देशातल्या पोसादासला, त्याच्या चुलतभावाकडे राहायला जायचं बोलणं चाललं होतं. शाळेचं शेवटचं वर्ष अर्धवट टाकून. जानेवारीत तिला अठरा पूर्ण झाली होती. सीमेच्या नाक्यावर आता माझ्या सहीची गरज नव्हती.

निदिया कागदाचा गठ्ठा घेऊन बाहेर आली तेव्हा मी पडद्यावरच्या लेखिकेच्या नावाकडेच बघत होते.

"राखेची राणी तुम्ही?"

"हळू बोला, लिसेन. बाहेर पोरी उभ्या आहेत."

मी पतसंस्थेत हिशेबनीस आहे. पदवीवाल्यांना आमच्याकडे लिसेन म्हणतात. निदिया म्हणते तेव्हा त्यात अर्धा मान असतो आणि अर्धा चिमटा.

"माझी मुलगी तुमचं वाचते."

"सगळ्यांच्याच मुली वाचतात. काहींच्या आयाही वाचतात." तिनं माझ्याकडे पाहून भुवई उडवली.

मी तिला डेर्लिसचं सगळं सांगितलं. मग म्हणाले, "एकच करा. पुढच्या प्रकरणात बेरेनिसला जाऊ द्या. त्याला सोडून."

"कुठे जाऊ दे? त्या गुरांच्या डॉक्टरकडे? मालिकेत गेलीच की. मिळालं काय? शेवटच्या भागात तो तिला वासरू दाखवतो. अहो, वासरू!"

मला हसायचं नव्हतं, पण हसू आलं.

"आणि मी तिला बाहेर काढली ना," ती पुढे म्हणाली, "तर तुमची मुलगी उद्या दुसरीचं वाचेल. जी दुसरी असेल ती वर इशारेसुद्धा लिहीत नसेल."

या लिहिणाऱ्या बायांची ही रीत. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर आधी लिहायचं, खाली काय आहे ते. मत्सर. कोंडणं. धमकी. ज्यांना सोसणार नाही त्यांनी तिथूनच मागे फिरावं. इशारे न लिहिणारीला त्यांच्यात कोणी उभं करत नाही.

"सिगरेटच्या पाकिटावरही लिहिलेलं असतं," मी म्हणाले.

"पाकिटावर तरी असतं. अन्सेल्मोवर कुठे लिहिलं होतं?"

अन्सेल्मो तिचा नवरा. मग मी काही ना काही निमित्तानं जात राहिले, आणि पानं यंत्रातून निघत असताना तिनं मला तो तुकड्यातुकड्यांनी सांगितला. तो पुलाच्या नाक्यावर कामाला होता. हात उचलणारा नव्हता. घरी आला की आधी इस्त्रीला हात लावून बघायचा. गरम असली तर हिनं बाहेर जायचा ब्लाउज इस्त्री केला होता का, म्हणून विचारायचा. मग हिच्या बुटांचे तळवे उलटे करून धूळ बघायचा. माहेर कोरोनेल बोगादोला, बसनं तासाभराच्या अंतरावर. तिथे ती एकटी कधी गेली नाही. आई वारली तेव्हाही त्याची कामाची पाळी संपेपर्यंत थांबली. पुढे एका हिवाळ्यात तो दुसऱ्या बाईबरोबर ब्युनोस आयर्सला निघून गेला.

"मला वाटलं, जाताना तरी काही बोलेल," निदिया म्हणाली. "एवढी वर्षं माझे तळवे हुंगलेस, काहीतरी बोल. तर दारातून म्हणतो, गॅस संपत आलाय बघ."

तिनं थर्मासमधून तेरेरे ओतून माझ्यापुढे धरलं.

"माझा एलियास गुडघ्यावर बसतो, लिसेन. मी त्याला बसवते. तो म्हणतो, मी तुझं काय केलं ते मला कळलं. एकूण एक गोष्ट नाव घेऊन सांगतो. मग मी त्याला परत उठवते, नाहीतर गोष्ट संपेल."

"तुम्हाला ते हवंय, हे मला कळतं. पण या पोरींना? त्यांचं अजून काय झालंय?"

"तुम्ही तुमच्या मुलीकडे कसं बघता?"

"कसं म्हणजे?"

"ताप आलाय का बघितल्यासारखं. तिला बघता ना तुम्ही, पण कपाळाला हात लावून. पोरींना वाटतं, कोणीतरी असं बघावं की त्याच्या हातातलं काम गळून पडावं. डॉक्टर वासराकडे बघतो. एलियास दुसरीकडे कुठे बघूच शकत नाही. कोंडणं त्यांना नको असतं हो. ते त्या बघण्याबरोबर येतं, म्हणून घेतात."

मला तिचा राग आला. ती पूर्ण चूक असती तर एवढा आला नसता. घरी येऊन मी खोट्या नावानं खातं उघडलं आणि प्रकरणाखाली लिहिलं, 'बेरेनिस, अजून वेळ आहे. बूट नसले तर अनवाणी जा.'

दुसऱ्या दिवशी जेवताना येरुती फोनकडे बघून खदाखदा हसत होती. "आई, ऐक ना. कोणीतरी बाई आलीय गोष्टीत. बेरेनिसला पळून जा म्हणते! आणि मुलींनी तिला काय सुनावलंय बघ. 'काकू, रस्ता चुकलात, पाककृती पलीकडच्या गल्लीत आहेत.' 'काकू, तुमची औषधाची वेळ झाली.'"

"त्या बाईचं काय चुकलं?" मी विचारलं.

"गोष्टीतल्या बाईला वाचवायला निघालीय, आई! तिला स्वतःचं घर नाही का?"

मी उकडलेल्या मांडिओका कंदाचा आणखी एक तुकडा तिच्या ताटात वाढला.

त्याच आठवड्यात ती एकदा उशिरा आली. मी सारखे निरोप पाठवत होते. कुठे आहेस, कोणाबरोबर आहेस, फोटो पाठव. ती दारातूनच ओरडली, "तू म्हणतेस फोटो पाठव, तोही म्हणतो फोटो पाठव. एकच फोटो दोघांना जातो माझा. तुमच्या दोघांचा ग्रुप काढून देऊ का?"

"मी तुझी आई आहे."

"तो म्हणतो, मी तुझा नवरा होणार आहे. शनिवारी मी त्याच्याबरोबर पोसादासला चाललेय. परत यायचं की नाही ते तिथे गेल्यावर बघेन."

मी निदियाकडे धावत गेले. अगदी हात जोडले. ती म्हणाली, "तिला काय सांगू मी? झेरॉक्सवाली म्हातारी सांगते म्हणून ती ऐकेल? आणि राणी म्हणून सांगितलं तर मला टाकून देईल. उपदेश करणाऱ्या राणीला कोण विचारतं?" तिचं खरं होतं. तरी मी दोन दिवस तिच्याशी मनातल्या मनात भांडत राहिले.

गुरुवारी दुपारी सगळी गल्ली झोपली होती. मी स्वयंपाकघरात उगाच डबे पुसत होते. येरुती आत आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"आई, चिडणार नसशील तर एक सांगते. राखेच्या राणीकडे गोष्ट मागता येते. म्हणजे आपण प्रसंग द्यायचा, ती लिहून देते. मी मागितली होती."

"कुठला प्रसंग?"

"माझा आणि डेर्लिसचा. नावं बेरेनिस-एलियासचीच. मला बघायचं होतं, तिनं लिहिल्यावर कसं दिसतं. तिचं उत्तर आलं, नेहमीचंच, सगळ्यांना येतं ते. प्रसंग तुझा आहे तर इशारे तू लिहून पाठव, मग मी गोष्ट लिहीन."

मी फडकं खाली ठेवलं नाही. ठेवलं असतं तर तिचं बोलणं थांबलं असतं.

"मी लिहायला बसले," ती म्हणाली. "मत्सर लिहिलं. पाळत लिहिलं. फोन हिसकावणं. मैत्रिणींशी तोडणं. पुलावर दंड धरून ओढलं होतं त्यानं, तेही लिहिलं. मग वाटलं, हे फारच दिसतंय. काही गोडही आहे की, तो मला खायला गरम चिपा आणून देतो, माझ्यासाठी उन्हात थांबतो. पण गोडाचे इशारे लिहीत नाहीत, आई. त्याला जागाच नसते वर."

दंड, हा शब्द माझ्या कानात शिरून बसला होता. कुठला दंड, कधी, दाखव मला. सगळं तोंडापर्यंत आलं होतं. मी एवढंच म्हणाले, "पाठवलेस?"

"नाही. एलियासनं हे सगळं केलं तर मी वाचीन. मला माहीत असतं ना, पुढे तो गुडघ्यावर बसणार. डेर्लिसचं मला माहीत नाही." तिनं ओट्यावरचा एक डबा सरळ केला. "शनिवारी त्याला विचारते. पुलावरचं."

"विचारू नकोस, नुसती जाऊ नकोस" असं म्हणायचं होतं. पण ती निघून गेली होती.

शनिवारी सकाळी फाटकाशी हॉर्न वाजला. येरुती बाहेर गेली. पाठीला पिशवी होती, आणि ती रिकामी आहे की भरलेली ते मला कळत नव्हतं. खिडकीची झडप मी बोटभर उघडी ठेवली होती.

"चल, बस," तो म्हणाला.

"थांब जरा. पुलावर माझा दंड धरलास ना त्या दिवशी. चार दिवस दुखत होता."

"कधी?"

"त्या दिवशी, मी माझ्या काकूला फोन केला होता तेव्हा."

"येरु, हेल्मेट घाल. ऊन बघ किती आहे."

"मी काहीतरी विचारतेय, डेर्लिस."

"मग पोसादासला जाऊन विचार की! पुलावर रांग लागेल."

ती उभी राहिली. खूप वेळ, निदान मला तरी तसं वाटलं. तो आरशात केस ठीक करत होता. मग तिनं त्यानं दिलेलं हेल्मेट मोटरसायकलच्या टाकीवर ठेवलं आणि आत येऊन दाराला कडी लावली. बाहेर हॉर्न वाजत राहिला. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. त्यानंतर दिवसभर तिचा फोन थरथरत होता. तिनं तो उशीखाली कोंबला, मग काढला, मग परत कोंबला. मी तिच्यासाठी तीनदा सरबत केलं, तीनही वेळा तिनं ते घेतलं नाही.

संध्याकाळी बघते तर ती पलंगावर पालथी पडून वाचत होती. राखेची राणी. नवं प्रकरण.

"अजून वाचतेस?"

"हो मग? एलियासनं तिच्या खिडकीला फळ्या ठोकल्यात. मध्येच सोडू?"

सोमवारी मी निदियाकडे गेले. शाळा सुटायला थोडा वेळ होता आणि दुकानात कोणी नव्हतं. मी म्हणाले, "ती गेली नाही. इशाऱ्यांमुळे." तिला काय ते कळेना. तिच्याकडे रोज इतक्या जणी गोष्टी मागतात, आणि सगळ्यांना ती एकच उत्तर धाडते. माझी मुलगी त्यांतली कोण होती हे तिला आजही ठाऊक नव्हतं. मी सगळं सांगितल्यावर तिनं विचारलं, "आणि तो काय म्हणाला?"

"हेल्मेट घाल म्हणाला."

निदिया इतकी हसली की तिला चष्मा काढावा लागला. हसता हसता ती थांबली आणि पदपथाकडे बघायला लागली.

"तो इथे येईल आता," ती म्हणाली. "आज नाहीतर उद्या. लग्नाआधी अन्सेल्मोही माझ्या माहेरच्या गल्लीत येऊन उभा राहायचा. तुम्ही तिला एकटी सोडू नका. म्हणजे, सोडा, पण…"

"पण काय?"

तिनं पुन्हा पदपथाकडे पाहिलं. घंटा झाली. मुली फाटकातून लोंढ्यानं बाहेर पडल्या आणि दुकानाच्या खिडकीत हातच हात दिसायला लागले. मी रस्ता ओलांडून लापाचो झाडाखाली गेले आणि आपण कोणाला शोधत नाही आहोत अशा चेहऱ्यानं उभी राहिले. येरुती मैत्रिणींबरोबर बाहेर आली. तिनं मला पाहिलं, मान हलवली आणि न थांबता कोपऱ्याकडे वळली. कोपऱ्यापलीकडून एका मोटरसायकलचा आवाज येत होता. कोणाचीही असेल.