ढेकळातलं पाणी

माती तपासायच्या कामाला बावीस वर्षं झाली. आता कुणी पिशवी पुढे केली की आधी कंटाळा येतो. उमरीची असो, देगलूरची असो, काम तेच. दगड-काड्या वेचायच्या, ढेकळं कुटायची, वजन करायचं, ओव्हनमध्ये वाळवायचं, पुन्हा वजन करायचं. जेवढं वजन घटलं तेवढं मातीतलं पाणी. मे महिन्यात नांदेडला त्या ओव्हनशेजारी बसणं म्हणजे काय, ते सांगत बसत नाही.

अशाच मे महिन्यात उमरीकडून एक मावशी आल्या. नवरा वारलेला, मुलगा पुण्यात, त्या गावात एकट्या. रान सोड आणि इकडे ये, असा मुलाने लकडा लावलेला. रानाला लागून कॅनॉल होता आणि दोन वर्षं पीक पिवळं पडत होतं. मुलाचं म्हणणं, कॅनॉलचं पाणी पाझरतंय, आता तिथे काही होणार नाही.

"तसं असलं तर जाते पुन्याला," त्या म्हणाल्या. "नसलं तर मला कोन हलवतंय. तुमी काय लिवताव त्येच्यावर हाय, साहेब."

मी तपासलं. पाणी भरपूर निघालं. खरं तर कुटताना ढेकूळ दगडासारखं वाजत होतं, हाताला ओल म्हणून लागली नव्हती. पण आकडा समोर आला की मी हाताचं ऐकत नाही. 'जमिनीत पाझर आहे, चर खोदून निचरा करावा' असं लिहून दिलं. एकट्या बाईने चर कसे खोदायचे, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही.

दिवाळीआधी कपाट आवरताना त्यांची उरलेली माती हाती लागली. एक ढेकूळ फुटलं आणि आत काहीतरी चमकलं. काचेसारखी पातळ पापडी. अभ्रक समजून टाकणार होतो, पण अभ्रक वाकवून सोडलं की सरळ होतं. ही वाकली ती वाकलेलीच राहिली. नखाने ओरखडा पडला. परीक्षानळीत घालून तापवली, तर पापडी पांढरीफटक झाली आणि नळीच्या तोंडाशी पाण्याचे थेंब जमले.

जिप्सम. ज्याच्या गोण्या विकत आणून लोक क्षाराने घट्ट झालेल्या चोपण रानात टाकतात तेच. काळ्या मातीत खाली क्षार साठतात, तिथे कधी कधी ते आपोआप खडे धरतं आणि खडा धरताना पाणी स्वतःत बांधून घेतं. त्या पाण्याने माती ओली होत नाही. ते सुटतं आमच्या ओव्हनमध्ये. अशी माती मंद आचेवर वाळवायची, हे मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. मी सगळ्या पिशव्या एकाच आचेवर ठेवतो, कारण काम लवकर उरकतं. माझी मलाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी फोन लावला. त्या पुण्यात होत्या.

"मावशी, माझं चुकलं. तुमच्या रानात पाझर नाही. पीक पिवळं पडायचं कारण दुसरं आहे, ते शोधू. तुम्ही परत या."

"आता कुटं, साहेब. रान दिराला दिऊन टाकलं. त्येनं बांध मोडून दोन्ही रानं एक केली."

मग त्या पुढे बोलल्या, अगदी शांतपणे.

"म्या रोज अनवानी चालत हुते तिथं. पाय कधी ओला झाला न्हाई. पर म्हनलं, साहेबाला जास्ती कळत आसंल."