तात्यांच्या मोटारीचा टप

"अजून बोटभर वर!" असं म्हणताना तात्या आधी स्वतःच्या फेट्याला तळहात लावायचे आणि मग समोरच्या वस्तूला. दाराची चौकट असो, तसबिरीचा खिळा असो की गोठ्याचं छप्पर, त्यांना सगळं बोटभर वर हवं असे. माणूस उंचापुरा, त्यावर फेटा आणि फेट्याला तुरा. बारामतीच्या बाजारात तुमच्यापैकी कुणी त्यांना पाहिलं असेल, तर आधी तुराच पाहिला असेल.

अशा माणसानं मोटार घ्यावी आणि तीही बुटकी! १९३० नंतरचे ते दिवस. पुण्यातला एक साहेब विलायतेला परत निघाला होता, त्याची छोटी गाडी तात्यांनी घेतली आणि तिच्याबरोबर मला ड्रायव्हर म्हणून घेतलं. खरं सांगतो, गाडी देखणी होती. जमिनीलगत अंग, वर काळ्या कापडाचा ठेंगणा टप. वळणावर अशी अलगद वळायची की स्टेअरिंगला जोर म्हणून लावावा लागत नसे. तात्या पहिल्या दिवशी आत शिरले ते तुरा मोडूनच.

"फेटा काढून मांडीवर ठेवा की तात्या," मी म्हणालो.

"बोडक्यानं बसू? माज्या घरात कोन मेलंय व्हय रं?"

दुसऱ्या दिवशी सुतार आला. कापडी टप उतरवून त्यानं सागवानी फळ्यांचा टप चढवला. तात्या आत बसून पाहायचे, फेट्याला हात लावायचे आणि ओरडायचे, "अजून बोटभर वर!" असं बोटबोट करत टप हातभर वर गेला. मग त्यांना वाटलं, रस्त्याच्या कडेच्या उसावरून आपण दिसत नाही. म्हणून बैठकीवर जाड गादी आली. गादीमुळे फेटा पुन्हा टेकला. सुतार पुन्हा आला. मी कपाळाला हात लावला.

गाडीची सगळी रया गेली. खाली चार चिमुकली चाकं आणि वर हे घर. आळीतली पोरं "माडी आली, माडी आली" म्हणत मागं पळायची आणि माणसं तोंडावर उपरणं धरून हसायची. तात्यांना वाटायचं, लोक कौतुकानं बघताहेत. हसणं मी सोसलं असतं हो, पण चालवायची मला होती! सगळं ओझं वर गेलेलं. वळण घेतलं की गाडी बाहेरच्या अंगाला कलायची, कालव्याच्या भरावावर वारा लागला की स्टेअरिंग हातातून ओढून घ्यायची. संध्याकाळपर्यंत माझे खांदे भरून यायचे.

बरं, हे त्यांना कळत नव्हतं असंही नाही. एकदा शेतात कडबा भरणाऱ्या गड्यावर ते कडाडले, "लई उंच भरू नगंस, वळणावर गाडी कलंडंल!" मला वाटलं, आता तरी सापडले.

"तात्या, आपल्या मोटारीचंबी तसंच हाय."

"तिच्यात काय कडबा हाय? मी बसतोय तिच्यात."

काय बोलायचं या माणसाशी! नोकरी सोडायचं मी कितीदा ठरवलं. सोडली नाही, त्याला कारण सणसरजवळ, आमच्या गावाची वाट मोठ्या रस्त्याला मिळते तिथलं एक बाभळीचं झाड. त्याच्याजवळ आलं की तात्या गाडी थांबवायला लावायचे. एकदा आपणहून म्हणाले, "आक्काची आई हितं गेली. दुसऱ्या खेपंला अडली हुती. बैलगाडीतनं बारामतीच्या दवाखान्यात न्हेत हुतो. बैल पळून पळून किती पळनार?" आक्का म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, शेळगावला दिलेली. "आक्काची येळ यील तवा बैलगाडी नगं. म्हून ही मोटार." त्या दिवसापासून मला त्यांचा राग येई आणि पुरता येतही नसे.

आक्काला सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, तेव्हा तिला आणायला आम्ही शेळगावला निघालो. मी काही न बोलता जुना कापडी टप गुंडाळून मागं टाकला होता. वारा सुटलेला. सणसरच्या पुढं वळणावर एका अंगाची चाकं चक्क उचलली आणि दाणकन खाली आली. तात्यांनी माझा दंड घट्ट धरला. मला वाटलं, आता तरी काही बोलतील. बोलले काय, तर "जरा सावकाश हाक." मी दात-ओठ खात राहिलो.

शेळगावात विहीणबाई दारात उभ्या होत्या. ओट्यावर चार मंडळी बसलेली. तात्या ऐटीत उतरले, तशी गाडी डुलली. विहीणबाईंनी पुढं होऊन टपाला हात लावून ढकललं. गाडी पुन्हा डुलली.

"ह्या मचाणात माजी सून बसायची न्हाय," त्या म्हणाल्या. "बाळातपन हितंच व्हईल."

"विहीनबाई, हितं दवाखाना न्हाय वो."

"मग बैलगाडीनं धाडते. सावकाश जाईल."

तात्यांचा चेहरा पडला. आक्का दाराआड उभी होती, तिनं मान खाली घातली. मला वाटलं, आता हा माणूस भांडणार आणि सगळंच घालवणार. तात्यांनी दोन्ही हात वर नेले आणि फेटा उतरवला. व्याह्याच्या दारात, चार माणसांदेखत, बोडकं डोकं! ओट्यावरची मंडळी उठून उभी राहिली. पांढरे विरळ केस वाऱ्यानं उडत होते. मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही.

"डायवर," ते म्हणाले, "काढ ती माडी."

म्हणजे पोरं काय म्हणतात ते त्यांना ठाऊक होतं. मी पाना घेऊन बोल्ट सोडले, सागवानी टप विहीणबाईंच्या अंगणात उतरवला, कापडी टप चढवला. गादी तात्यांनी स्वतः ओढून काढली. फेट्याची घडी करून ती आक्काच्या कमरेमागं दिली. विहीणबाईंनी गाडी पुन्हा ढकलून पाहिली आणि सुनेची ओटी भरली. परतताना त्याच वळणावर गाडी भुईला धरून वळली. तात्या लेकीकडे बघत होते, रस्त्याकडे नाही.

दिवस भरल्यावर आक्का दवाखान्यात अडली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. बाहेर तात्या बोडक्यानंच येरझाऱ्या घालत होते, कारण येताना पुन्हा तिच्या कमरेमागं दिलेला फेटा गाडीतून आत गेला तो आक्काच्याच पाठीशी राहिला होता. एका ओळखीच्यानं हळूच विचारलं, "कोन गेलं वो तात्या?"

"कोन न्हाय गेलं!" तात्या गरजले. "आलंय! नात आलीया!"

शेळगावच्या अंगणात त्या टपाखाली आता कोंबड्या राहतात. तात्या मात्र राहिले नाहीत. दिवसकार्य उरकल्यावर आक्काला पोचवायला मीच निघालो. ती पुढं, तात्यांच्या जागेवर बसली. मांडीवर त्यांचा फेटा. बाभळ मागं गेली. मग तिनं वरच्या कापडाला हात लावून पाहिला.

"तात्यांचं डोकं लागत असंल न्हाय हितं?"

"न्हाय आक्का," मी म्हणालो. "फेटा काढला की बोटभर जागा उरायची."