छप्पर कुठं, दादा?

वहिनीचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. "वन्सं, आत्ता या. हे टेबलाशी बसलेत आणि हाक मारली तर बघतच नाहीत." आमच्या दोन घरांत एका बोळाचं अंतर. पिठाच्या हातांनीच धावले. दादा मागच्या गॅलरीत त्याच्या नेहमीच्या स्टुलावर भिंतीला टेकून बसला होता. चष्मा नाकावर, पेन्सिल कानावर. समोर लाकडी ठोकळ्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, चारी कडा दुमडून घेतलेला, उपड्या ट्रेसारखा. त्यावर भोकांच्या खुणांचा पुठ्ठा चिकटवलेला आणि बाजूला हातोडी... डॉक्टर आले, त्यांनी नाडी बघितली आणि वहिनीकडे न बघता माझ्याकडे बघितलं. खरं सांगते, मला आधी रडू आलं नाही, राग आला. हा माणूस अर्ध्या कामावरून जेवायलासुद्धा उठायचा नाही, आणि आज असा उठून गेला?

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. रेल्वेत सिग्नलच्या खात्यात नोकरी झाली, पण लोणावळ्यात त्याला ओळखायचे ते गिटारचे ॲम्प्लिफायर घरी बनवणारा म्हणून. तेसुद्धा जुन्या पद्धतीचे, काचेच्या व्हॉल्व्हचे. गंमत म्हणजे त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हतं. तरुणपणी गणपतीत आलेल्या एका ऑर्केस्ट्राचा ॲम्प्लिफायर ऐन कार्यक्रमात बंद पडला, दादानं जुन्या रेडिओचे व्हॉल्व्ह घालून तो चालू केला आणि तेव्हापासून हे वेड डोक्यात शिरलं ते शिरलंच. नवीन मशीन तयार झालं की तो गिटारची सगळ्यात जाड तार एकदाच छेडायचा आणि तळहात मशीनच्या पत्र्यावर ठेवायचा. आवाज पूर्ण विरेपर्यंत हात तिथंच. व्हॉल्व्ह तापले की पत्राही हळूहळू तापतो. मग म्हणायचा, "ऊब आली. चला, चहा टाका."

बाकीचे लोक सर्किटबद्दल बोलतात, दादा पत्र्याबद्दल बोलायचा. "सर्किट कुणीही कागदावर काढतो गं. पण जड ट्रान्सफॉर्मर, व्हॉल्व्ह, सगळा संसार ज्याच्या जिवावर उभा राहायचा तो पत्रा." पूर्वी तो लोखंडी पत्रा वापरायचा, पण आपल्याकडची हवा लोखंडाला कुठं जगू देते! पुढं तो ॲल्युमिनियमवर आला. कापायला मऊ, गंजायची भीती नाही, फक्त पुरेसा जाड हवा. हा पत्रा आणायला आम्ही कामशेतच्या भंगारवाल्याकडे जायचो. आम्ही म्हणजे तो आणि मी, कारण पत्रा पारखायला त्याला चार हात लागायचे. पिशवीतून ट्रान्सफॉर्मर काढायचा, मला पत्रा दोन्ही टोकांनी धरून भर बाजारात उभं करायचा आणि मधोमध ते धूड ठेवायचा. मग खाली वाकून, एक डोळा मिटून, पत्रा लवतो का ते बघायचा. मी शाळेत गणित शिकवायचे, कामशेतचे निम्मे दुकानदार माझे विद्यार्थी. येणारा-जाणारा विचारणारच, "बाई, हे काय चाललंय?" मी म्हणायचे, "माझ्या भावाला विचार, मी नुसता खांब आहे." दादा खालून ओरडायचा, "खांबानं बोलायचं नाही, पत्रा हलतो!" लवला तर नापास. मग दुसरा, मग तिसरा... हात भरून यायचे माझे. भंगारवाला वैतागायचा, पण चहा मागवायचा.

पसंत पडलेल्या पत्र्याच्या कडा तो तिथल्याच एका फॅब्रिकेशनवाल्याकडून दुमडून घ्यायचा. भोकं मात्र घरी, स्वतःच्या हातानं. आधी चिक्कीच्या खोक्याचा पुठ्ठा घ्यायचा, त्यावर व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर मांडून बघायचा. आठवडाभर ते टेबलावर तसंच, जाता-येता एखादी वस्तू इंचभर सरकवायची. वहिनी चिडायची, "तुमच्या भातुकलीवरची धूळ कोणी पुसायची?" मनासारखं झालं की खुणांच्या जागी पुठ्ठा टोचायचा आणि पत्र्यावर चिकटवायचा. पहिल्याच पत्र्याला मात्र त्यानं जी माती खाल्ली ती घरात कायमची गाजली. पुठ्ठा ट्रेच्या आत अगदी मापात बसतो, म्हणून दादानं तो आत बसवला आणि आतूनच सगळी भोकं पाडली! पत्रा सुलटा केला तर सगळं आरशात बघितल्यासारखं उलटं. डावीकडचा ट्रान्सफॉर्मर उजवीकडे, नेमका जिथं गिटारची वायर लागते तिथं. त्या मशीनमधून गाण्यापेक्षा घूंऽऽऽ जास्त ऐकू यायचं. दादानं तो पत्रा फेकला नाही, टेबलासमोरच्या भिंतीवर खिळ्याला टांगला. त्या दिवसापासून नियम झाला. पत्र्याची बाहेरची बाजू म्हणजे छप्पर, आतली म्हणजे माजघर. पुठ्ठा छपरावरच लागणार. हातोडी उचलायच्या आधी तो मोठ्यानं विचारायचा, "छप्पर कुठं?" आणि पत्रा धरणाऱ्यानं, म्हणजे मी, हात लावून सांगायचं, "वर, दादा!" उत्तर आल्याशिवाय त्यानं एकही ठोका मारला नाही. साठी उलटलेली दोन माणसं गॅलरीत असली ओरडाओरड करतात म्हणून शेजारीपाजारी हसायचे. हसोत बापडे!

तेरावं झाल्यावर वहिनी म्हणाली, "वन्सं, भंगारवाल्याला बोलवा. सगळं द्या त्याला. त्या पत्र्याकडे बघवत नाही मला." तिचं बरोबर होतं. जिकडे बघावं तिकडे दादाच होता. पण मला ते मानवेना. तो पत्रा औंढ्याच्या संतोषसाठी होता. संतोष शेती बघतो आणि शनिवार-रविवारी तंबूत राहायला येणाऱ्या पर्यटकांसमोर गिटार वाजवतो. त्याच्या जुन्या मशीनच्या लोखंडी पत्र्याची गंजून पार चाळण झाली होती. आतला सगळा माल चांगला, फक्त नवं घर हवं होतं, आणि दादानं त्याला शब्द दिला होता. संतोष भेटायला आला तेव्हा खाली मान घालून बसला. "बाई, भाऊ न्हाईत, आता मशिनचं काय बोलायचं? ऱ्हाऊ द्या. जोडकाम भाऊंनी शिकवलंय मला, त्ये मी करीन. पर पत्र्याला हात लावायचं धाडस न्हाई. एक भोक चुकलं तर भाऊंच्या हातचा पत्रा वाया जायाचा."

"जायचा असेल तर माझ्या हातून जाईल," मी म्हटलं. "पुढच्या रविवारी येऊन घेऊन जा."

बोलून बसले खरी. इतकी वर्षं नुसता पत्रा धरला होता, कापला कधीच नव्हता. पण आमच्या घराण्यात हट्ट काय एकट्या दादालाच दिला होता? दोन दिवस भंगाराच्या तुकड्यांवर सराव केला. ड्रिल चालवलं, बोटं सोलली, ॲल्युमिनियम ड्रिलला चिकटतं तेव्हा दादा रॉकेलचा थेंब टाकायचा ते आठवलं, तोही टाकला. तिसऱ्या दिवशी सकाळी दादाचा पत्रा कपाटावरून खाली काढला. भेटायला येणाऱ्यांसाठी गॅलरी आवरताना वहिनीनं तो वर ठेवला होता. पुठ्ठा आत व्यवस्थित बसलेला होता. वहिनीला म्हटलं, "जरा धर गं, हलू देऊ नकोस." ती नको नको म्हणत आली. पदर खोचला, तोंड फिरवून उभी राहिली, पण पत्रा घट्ट धरला. मी टोकदार पंच खुणेवर टेकवला, हातोडी उचलली...

"थांबा, वन्सं."

"आता काय?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"काय विचारलं नाही?"

तिनं माझ्याकडे बघितलं. डोळे भरले होते, पण आवाज स्वच्छ होता. "छप्पर कुठं?"

मी खाली बघितलं. छप्पर खाली होतं, ठोकळ्यावर टेकलेलं. आवरताना पुठ्ठा सुटला होता आणि वहिनीनं तो हरवू नये म्हणून आत नीट बसवून ठेवला होता. आत बसतोही ना मापात! मी सरळ आतून ठोकायला निघाले होते. समोर खिळ्याला दादाचा तो पहिला पत्रा टांगलेला, त्याच्याकडे बघून मला आधी हसू फुटलं आणि मग मात्र जे रडू आलं ते आवरेना. इतक्या दिवसांचं सगळं तिथंच बाहेर पडलं. वहिनीही रडली. ही बाई स्वयंपाकघरातून कुरकुर करत होती असं मी समजत होते, पण तिनं आमचा शब्द न् शब्द ऐकला होता.

मग डोळे पुसले, पत्रा उपडा केला, पुठ्ठा बाहेरून चिकटवला. मी खणखणीत विचारलं, "छप्पर कुठं?" वहिनीनं हात लावला. "वर!" आणि पहिला ठोका मारला. संध्याकाळपर्यंत सगळी भोकं झाली. ट्रान्सफॉर्मरची चौकट जराशी वाकडी आली, ती कानशीनं घासून सरळ केली. दादा असता तर नक्की म्हणाला असता, "बाई, तुमची भूमिती कच्ची आहे."

रविवारी संतोष पत्रा घेऊन गेला आणि पुढच्या आठवड्यात मशीन घेऊन परत आला. दादाच्याच टेबलावर ठेवलं, बटण दाबलं. आम्ही तिघं कान देऊन उभे. घूं नाही, खरखर नाही. संतोष म्हणाला, "बाई, कायबी आवाज न्हाई बगा. लय शांत हाय." मग त्यानं दादासारखी सगळ्यात जाड तार एकदाच छेडली. तो आवाज गॅलरीभर पसरला आणि विरत गेला... तेवढ्यात वहिनी पुढं झाली आणि तिनं तळहात पत्र्यावर ठेवला, दादा ठेवायचा तिथंच.

आवाज विरला. मी वाट बघत होते. पत्रा धरला त्या दिवसापासून भंगारवाल्याचं नाव तिनं काढलं नव्हतं.

"ऊब आलीय, वन्सं," ती म्हणाली. चहा टाकायला हवा होता, पण तिनं हात काढला नाही.