शाबूत ठिपका

सकाळी धुकं इतकं दाट होतं की समोरच्या पंक्चरवाल्याचा नुसता बल्ब लोंबकळताना दिसत होता. घुम्यानं शटर वर ढकललं, सोल्डरगन तापत ठेवली आणि वायरी सोलायला बसला.

दिवसाकाठी चार वाक्यं बोलला तर डोक्यावरून पाणी, म्हणून तो घुम्या. गाड्यांना स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर बसवायचा. दुकानात भागीदार सख्खा साडू. दोघांच्या बायका बहिणी-बहिणी. साडूनं गिऱ्हाईक बोलण्यात गुंडाळायचं, घुम्यानं काम करायचं, अशी वाटणी.

तेवढ्यात टॅक्सीवाला आला. स्टँडवरची निम्मी गिऱ्हाइकं घुम्याकडं यायची ती याच्याच शब्दावर.

"मेलं तुझं डबडं! आवाज वाढवला की दणका सोड, फुटक्या पिंपासारखं वाजायचं. काल धूरच निघाला. आता स्टँडवर कुठल्या तोंडानं तुझं नाव सांगू?"

डिकी उघडली तर जळक्या वार्निशचा भपकारा. घुम्यानं दणक्याचा मोठा स्पीकर, सबवूफर, बोटांनी दाबला. आत खरखरलं. कॉइल भाजली होती.

"अ‍ॅम्प्लिफायरवरचं बास बूस्टचं बटण फिरवलं असणार कुणीतरी," तो म्हणाला. "ते थोडं वर नेलं की अ‍ॅम्प्लिफायरला दुप्पट जोर लागतो. दहा डेसिबल नेलं की दसपट! कानाला मात्र आवाज दुप्पटच वाटतो. एवढा जोर त्याच्यात असतो कुठं? मग आवाज फाटतो नि कॉइल जळते."

"मी नाही बाबा हात लावला. ठिपका बघ की तुझा."

घुम्याची ती रीत होती. बूस्ट शून्यावर ठेवायचं, बाकीचं जुळवायचं आणि बायकोच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका अर्धा बटणावर, अर्धा पत्र्यावर द्यायचा. ठिपका तुटला तर दोष गिऱ्हाइकाचा, शाबूत असला तर घुम्याचा. हे स्टँडवर सगळ्यांना पाठ.

त्यानं बॅटरी मारली. बूस्ट पार टोकाला. आणि ठिपका अगदी शाबूत.

शून्यापाशी पत्रा खरवडलेला होता; जुना ठिपका काढून टोकाला नवा दिला होता. रंग तोच, लाल. बाटली तर दुकानातल्या खणात असायची.

साडू चहा घेऊन आला. घुम्यानं त्याला आत ओढलं.

"तू फिरवलंस?"

"अरे, तुझं ते सपक सेटिंग ऐकून तो दुसऱ्या दुकानात निघाला होता. बारीक आवाजावर वाजवून दाखवलं, गडी खूश! गिऱ्हाईक राखलं मी."

"राखलंस. पण वर माझा ठिपका कशाला दिलास?"

साडू चहावरची साय काढत राहिला. मग हळूच म्हणाला, "घरी बोलू नकोस हं. बहिणी-बहिणींत उगाच नको."

घुम्याच्या तोंडावर शिव्या आल्या. आपली खूण, आपली बाटली, आणि आळ घ्यायलाही आपणच! परका असता तर कॉलर धरली असती.

तो बाहेर आला.

"ठिपका शाबूत आहे," तो टॅक्सीवाल्याला म्हणाला. "दोष माझा. संध्याकाळी ये, दुसरा बसवून ठेवतो."

"हे बरं बोललास," टॅक्सीवाला म्हणाला खरा, पण नेहमीसारखी पाठीवर थाप काही मारली नाही.

घुम्यानं खणातली बाटली काढून शर्टाच्या खिशात टाकली. साडूनं ते पाहिलं. समोर ठेवलेल्या चहाला घुम्यानं हात लावला नाही. सोल्डरगन तापली होती. त्यानं अर्धी सोललेली वायर उचलली.